वरचा टँक, खालचा हिशोब

लाईट गेली की किती पाणी खाली येणार? सम्प, म्हणजे माशांच्या टँकखालची दुसरी टाकी, बांधायला घेताना पंप कुठला, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर कुठला, काच किती मिलिमीटरची हे सगळं नंतरचं, आधी हा हिशोब. चालू असताना सगळेच सम्प छान चालतात हो, वरून पाणी पडतंय, खालून पंप वर ढकलतोय, बघायला मस्त वाटतं. बांधणाऱ्यानं नीट विचार केलाय की नाही ते पंप बंद पडल्यावर कळतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, ज्यात कोरल, मासे, शंखातले खेकडे, गोगलगाई वगैरे मंडळी राहतात तो वरचा टँक. त्याच्या खाली कपाटात दुसरी टाकी असते, तो सम्प. वरचं पाणी काठावरून ओसंडून (हाच ओव्हरफ्लो) पाइपातून खाली येतं, खालच्या टाकीत एकेका कप्प्यातून पुढे सरकतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर पाठवतो. हीटर, स्किमर, वायरींचा गुंता असं सगळं दिसायला नको असलेलं खाली जातं, एकूण पाणी वाढतं त्यामुळे काही बिघडलं तरी हळूहळू बिघडतं, आणि वरच्या टँकमधली पातळी कायम एकसारखी राहते. पाणी वर चढवायला एक पंप लागतो, खाली यायला मात्र काहीच लागत नाही.

रेडिमेड सम्प मिळतात, चांगलेही असतात. मी घरी बांधायचं ठरवलं कारण मला आतलं गणित स्वतः करून बघायचं होतं. वही घेऊन बसलो आणि पहिल्या पानावरच कळलं की हे सगळं काम उंच्यांचं आहे. पाण्याला तू इकडून जा, तिकडे थांब असं सांगता येत नाही, ते फक्त उंची ऐकतं. कुठली काच किती उंच, कुठल्या पाइपाचं तोंड किती खोल, एवढंच आपल्या हातात असतं आणि एकदा ते ठरवून सिलिकॉन लावलं की मग पाणी आपला हिशोब तपासत बसतं, दिवसरात्र.

आता तो लाईट जाण्याचा हिशोब. समजा वरचा टँक आतून १२० सेंटिमीटर लांब आणि ५० रुंद आहे. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ६ लिटर पाणी खाली आलं. पंप बंद पडला की दोन गोष्टी होतात. ओव्हरफ्लोच्या काठावरून वाहत असलेला थर खाली येतो, तो थोडासाच असतो. पण रिटर्नचा पाइप, जो वर पाणी नेत होता, तोच आता उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड पाण्यात जेवढं बुडालेलं असेल तेवढी पातळी तो खाली खेचतो. तोंड १५ सेंटिमीटर खोल ठेवलं असेल तर ९० लिटर पाणी निमूटपणे खाली येणार, आणि ते मावलं नाही तर फरशीवर. तेच तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवलं तर पातळी जरा उतरल्याबरोबर पाइपात हवा शिरते आणि सायफन तुटतो. मी धरून चाललो ३ सेंटिमीटर, म्हणजे १८ लिटर, अधिक ओव्हरफ्लो बॉक्समधलं आणि पाइपांमधलं मिळून सात-आठ लिटर. साधारण २६.

लोक यावर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवतात. बसवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका असं माझं मत आहे. समुद्राच्या पाण्यात काही महिन्यांत त्याच्या पडद्यावर चुन्याची गुलाबी जांभळी शेवाळ चढते, नाहीतर एखादी पिल्लू गोगलगाय तिथं जाऊन बसते आणि झडप पूर्ण मिटत नाही. पाइपाला पृष्ठभागाच्या जरा खाली छोटं भोक पाडायचीही पद्धत आहे, हवा शिरून सायफन तुटावा म्हणून, पण तेही शेवाळानं बुजू शकतं. उंची बुजत नाही. तोंडच वर ठेवा.

मग खालचं. सम्प आतून ९० बाय ४० धरला तर १ सेंटिमीटरला ३.६ लिटर. २६ लिटर मावायला सव्वासात सेंटिमीटर जागा रिकामी पाहिजे. टाकी ४० सेंटिमीटर उंच आणि चालू असतानाची पातळी २३च्या आसपास, म्हणजे १७ सेंटिमीटर मोकळे. भरपूर. इथं मोह होतो की एवढी जागा रिकामी कशाला ठेवायची, पातळी वाढवूया, जास्त पाणी म्हणजे जास्त स्थैर्य. तो मोह टाळायचा. रिकामी दिसत असली तरी ती जागा वापरात आहे, फक्त रोज नाही.

उलट्या दिशेचा हिशोब मात्र बरेच जण करतच नाहीत, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा खाली येणारे पाइप तुंबले. गोगलगाय अडकली, शेवाळाचा गोळा आला, काहीही. पंपाला ते माहीत नसतं, तो वर ढकलतच राहतो. किती ढकलेल? शेवटच्या कप्प्यात जेवढं आहे तेवढंच, नंतर तो हवा ओढायला लागतो. माझा शेवटचा कप्पा २५ बाय ४०, म्हणजे १ सेंटिमीटरला बरोबर १ लिटर, पंपाच्या तोंडापर्यंत साधारण १८ लिटर. वर ६ लिटरला १ सेंटिमीटर, म्हणजे वरच्या टँकच्या कडेपाशी ३ सेंटिमीटर मोकळे असले की वरून सांडणं शक्यच नाही. त्यामुळे शेवटचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. पंपाला भरपूर पाणी मिळावं म्हणून तो मोठा करणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की बाबांनो, तेवढं सगळं पाणी वर गेलं तर कुठं जाईल?

पंप निवडताना खोक्यावरचा आकडा बघू नका, तो शून्य उंचीवरचा असतो. पाणी दीड मीटर चढवायचं, वर एल्बो, वर युनियन, प्रत्येक वळणावर जोर कमी होतो. पंपाचा आलेख मिळतो तो बघायचा. ३०० लिटरच्या टँकला खरोखर पोहोचणारे ताशी १५०० लिटर मला पुरेसे वाटले, पाचपट. कोरलना लागणारा जोरदार प्रवाह टँकच्या आतल्या वेव्हमेकरकडून घ्यायचा, तो सम्पमधून काढायला गेलं की खाली धबधबा होतो आणि बुडबुडे आवरत नाहीत.

ओव्हरफ्लोसाठी काचेला भोकं पाडायची होती. टफन्ड काच असेल तर विसरा, ड्रिल टेकवलं की तिचा चुरा होतो, त्यामुळे आधी खात्री करून घ्यायची. साध्या काचेला डायमंड होल सॉ, कमी वेग, सतत पाणी, आणि हातावर अजिबात जोर द्यायचा नाही, ड्रिलच्या वजनानंच जाऊ द्यायचं. कंटाळवाणं काम. पण एकदा भोक पार झालं आणि काचेची ती गोल चकती हातात आली की जो आनंद होतो तो काही औरच.

पाइप मी तीन ठेवले. या रचनेला हौशी लोक बीनॲनिमल म्हणतात. पहिला पाइप पूर्ण सायफन, त्यात हवा अजिबात नाही, त्याच्यावर गेट व्हॉल्व्ह लावून पाणी बारीक बारीक आवळत आणायचं. दुसरा उघडा, त्यातून काठाकाठानं थोडंसंच ओघळतं. तिसरा कोरडा, सगळ्यात उंच तोंडाचा, बाकीचे दोन्ही तुंबले तरच कामाला येणारा. आवाजाचा सगळा प्रश्न हवेचा असतो. एकाच पाइपात पाणी आणि हवा एकमेकांना ढकलत खाली गेले की कुणीतरी रात्रभर गुळण्या करतंय असं वाटतं. पहिल्या पाइपात नुसतं पाणी आणि दुसऱ्यात बरीचशी हवा असं वाटून दिलं की एकदम शांत. इथं बॉल व्हॉल्व्ह वापरू नका, केसभर फिरवला तरी खूप फरक पडतो आणि मग तासभर त्याच्याशीच खेळत बसावं लागतं.

आणि हो, पितळेचं काहीही नको. तांबं माशांना थोडंफार चालतं, औषध म्हणूनही वापरतात, पण बिनकण्याच्या जिवांना, म्हणजे कोरल, गोगलगाय, कोळंबी यांना ते अगदी थोडं असलं तरी विष आहे. सगळं पीव्हीसी.

आता बॅफल. म्हणजे सम्पचे कप्पे पाडणाऱ्या काचेच्या पट्ट्या. काच कापून देणाऱ्या दादांनी मापं बघून विचारलं, "एवढ्या पट्ट्या, त्याही सगळ्या वेगवेगळ्या उंचीच्या, करायचंय काय नक्की?" मी सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी "बरं" म्हणून कापायला घेतल्या. मापं मात्र त्यांनी अचूक दिली, टाकीच्या आतल्या रुंदीपेक्षा ४ मिलिमीटर कमी, दोन्ही बाजूंना सिलिकॉनला २-२ मिलिमीटर. बॅफल ॲक्रिलिकचे करू नयेत असं माझं पक्कं मत, एक तर सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही, दुसरं म्हणजे ते पाणी शोषून थोडं फुगतं आणि काचेच्या टाकीत घट्ट बसवलेलं असलं तर वाकतं.

बुडबुड्यांचा सापळा हा तीन पट्ट्यांचा असतो. पहिलीवरून पाणी ओसंडतं, दुसरी तळापासून उचललेली असते म्हणून तिच्या खालून जातं, तिसरीवरून परत वर येतं. सगळीकडे लिहिलेलं असतं की दोन पट्ट्यांमधली फट एक इंच ठेवा. का एक इंच? मी गणित मांडून बघितलं. ताशी १५०० लिटर म्हणजे सेकंदाला जवळपास ४१७ घनसेंटिमीटर. फट ३ सेंटिमीटर आणि रुंदी ४०, म्हणजे क्षेत्रफळ १२०. भागाकार केला की पाणी सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर वेगानं खाली उतरतंय असं येतं. मिलिमीटरभर आकाराचा बुडबुडा सेकंदाला १० सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगानं सहज वर चढतो, म्हणजे तो निसटला. अगदी बारीक धुक्यासारखे असतात ते मात्र प्रवाहाबरोबर खेचले जातात, वर टँकमध्ये जाऊन पाणी दुधाळ करतात. मग उपाय काय, फट रुंद करा किंवा पाणी कमी सोडा. मी फट ४ केली, वेग अडीचच्या आसपास आला. एवढ्या साध्या भागाकारावर सगळं अवलंबून आहे आणि तरी लोक खाली स्पंज कोंबत बसतात.

सिलिकॉनचं काम मला सगळ्यात आवडलं, तरी खोलीभर व्हिनेगरचा वास पसरतो आणि डोळे चुरचुरतात. तो वास ॲसेटिक ॲसिडचा, वाळताना सुटतो, उडून गेला की प्रश्न नाही. ट्यूब घेताना बुरशीविरोधी औषध मिसळलेली घ्यायची नाही, बाथरूमसाठीची बहुतेक तशीच असते. काच स्पिरिटनं पुसायची, मास्किंग टेप लावायचा, गुण्यानं काटकोन बघायचा, सिलिकॉन भरून बोटानं ओढायचं आणि ते ओलं असतानाच टेप काढायचा. जुन्या वाळलेल्या सिलिकॉनवर नवीन नीट चिकटत नाही, त्यामुळे एकदाच काय ते व्यवस्थित. इतकं सांगून एक गंमत सांगतो, बॅफल थोडा गळला तरी तसं काही बिघडत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना पाणीच आहे, दाब जवळपास सारखा. त्यामुळे ५ मिलिमीटरची काचही पुरते. सगळा जीव ओतायचा तो बाहेरच्या भिंतींत, आणि आपण मात्र तासन् तास त्या आतल्या रेघा सरळ आल्या की नाही ते बघत बसतो.

हे सगळं करत असताना वाटत होतं की ही अलीकडची हौशी लोकांची युक्ती असणार. तसं नाहीये. विल्यम ॲल्फर्ड लॉइड नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकातच हेच केलं होतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८७१ मध्ये जे मत्स्यालय उघडलं, त्यात दाखवायच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद त्यानं खाली अंधारात बांधला आणि त्यातलं समुद्राचं पाणी पंपानं सतत वर फिरवत ठेवलं. खाली पाणी जास्त, वर कमी, आणि खालचं अंधारात म्हणजे त्यात शेवाळ माजणार नाही. नायट्रोजनचं चक्र, बॅक्टेरिया वगैरे आज शाळकरी हौशी पोरं घडाघडा सांगतात त्यातलं त्याला काही माहीत असायचं कारण नव्हतं, तरी उत्तर बरोबर आलं.

मधल्या काळात मात्र लोक भरकटले असं म्हणायला हरकत नाही. १९६१ मध्ये जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी लिहिलं होतं की समुद्रातला जिवंत दगड (म्हणजे बॅक्टेरिया आणि बारीक जीव वस्तीला असलेला) आणि थोडी हवा एवढ्यावर टँक चालतो. त्याकडे फार लोकांनी लक्ष दिलं नाही, आणि ऐंशीच्या दशकात ट्रिकल फिल्टर आले. सम्पमध्ये प्लॅस्टिकचे काटेरी गोळे भरायचे आणि त्यावरून पाणी ठिबकवायचं. अमोनियाचं नायट्रेट करण्यात ते एक नंबर. पण भरपूर ऑक्सिजन असल्यामुळे पुढची पायरी, नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून जाणं, ती तिथं होतच नाही. ती जिवंत दगडाच्या आत खोल, जिथं ऑक्सिजन संपतो तिथं होते. माशांना ते नायट्रेट बऱ्यापैकी सोसतं, कोरलना नाही. म्हणून हल्लीच्या सम्पमध्ये गोळे जाऊन दगड आणि स्किमर आले.

स्किमरबद्दल दोनच गोष्टी. एक, तो खाऱ्या पाण्यातच नीट चालतो, कारण तिथं बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीक राहतात आणि विरघळलेली सेंद्रिय घाण त्यांच्या अंगाला चिकटून फेसाबरोबर वर येते. दुसरी, त्याला पाण्याची खोली कायम एकच लागते. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पातळी वर-खाली झाली की कधी कप कोरडा, कधी ओसंडून वाहतोय. म्हणून तो बॅफलच्या आधीच्या कप्प्यात ठेवायचा, तिथली पातळी बॅफलची उंची ठरवते आणि ती हलत नाही. कपातल्या काळ्या पाण्याच्या वासाबद्दल लिहीत नाही, बायकोनं यावर पुरेसं बोलून झालंय.

मग हलतं काय? शेवटचा कप्पा. रोज वाफ होऊन जे पाणी उडतं ते सगळ्या टँकचं उडतं, पण घट दिसते फक्त तिथं. दिवसाला ४ लिटर गेले तर तिथं ४ सेंटिमीटर पातळी उतरणार. मीठ उडत नाही, त्यामुळे ३५ची सॅलिनिटी, म्हणजे हजार भाग पाण्यात ३५ भाग मीठ, एका दिवसात साडेपस्तीसच्या जवळ जाते, म्हणून भरताना गोडं आरओचं पाणीच भरायचं. हे काम ऑटो टॉप-ऑफकडे दिलं, फ्लोट स्विच आणि एक छोटा पंप. त्यातही उंची आलीच. गोड्या पाण्याच्या बादलीतली पातळी सम्पपेक्षा वर असेल आणि नळीचं तोंड खाली पाण्यात बुडालेलं असेल, तर पंप थांबल्यावरही सायफन चालू राहणार आणि अख्खी बादली रीफमध्ये. नळीचं तोंड पाण्याच्या वर टांगायचं, बास.

पहिली चाचणी साध्या नळाच्या पाण्यावर. भरलं, पंप लावला, पातळ्या स्थिर झाल्यावर काचेवर मार्करनं रेघ मारली आणि प्लग खेचला. पाणी खाली यायला लागलं, चढत गेलं, मधले बॅफल बुडून सगळे कप्पे एकच झाले, आणि २७ लिटरच्या जवळ जाऊन थांबलं. परत चालू, परत बंद. घरच्यांना वाटलं मी खेळतोय, तसा खेळतच होतो म्हणा. पण हे असं वारंवार करून बघायलाच पाहिजे, कारण सायफन पुन्हा आपोआप धरतो का, दुसरा पाइप मध्येच आवाज करतो का हे एकदा बघून कळत नाही. मग तीच चाचणी उलटी, तिन्ही पाइप मुद्दाम बंद करून. वरची पातळी चढत कडेपासून बोटभर खाली थांबली आणि पंप घरघरायला लागला. त्या घरघरीनं जेवढं बरं वाटलं तेवढं पहिला कोरल उघडला तेव्हाही वाटलं नव्हतं.

मधल्या कप्प्यात कीटोमॉर्फा लावलंय, हिरव्या तारांच्या गुंत्यासारखं दिसणारं शेवाळ. त्याचा लाईट वरचा लाईट बंद झाल्यावर लागतो. रात्री वर प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि खालचं शेवाळ तेव्हा तो खाऊन उतार थोडा सावरतं. वाढलं की मूठभर काढून टाकायचं, म्हणजे त्यानं खाल्लेलं नायट्रेट आणि फॉस्फेट घराबाहेर. हे सगळं ठरवून केलेलं. न ठरवता जे आलं ते जास्त मजेदार आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात पांढरे स्पंज, बॅफलच्या मागं चुन्याच्या बारीक गोल नळ्यांत राहणारे किडे, काचेवर धावणारे कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे कवचधारी जीव. वर मासे असल्यामुळे त्यांना तिथं जगणं अवघड, खाली कुणी खाणारं नाही. टॉर्च घेऊन मी त्या कपाटासमोर बसतो तेव्हा पाहुणे वरचे मासे बघत असतात, आणि "खाली काय आहे?" या प्रश्नावर मी काहीतरी सांगायला लागलो की बायको मध्येच म्हणते, "अहो, चहा घेऊ द्या त्यांना आधी."

एक गोष्ट अजून ठरत नाहीये. पाणी खाली पडतं तिथं २०० मायक्रॉनचा फिल्टर सॉक, म्हणजे मोज्यासारखी गाळणीची पिशवी, बसवायची सोय आहे. तो पाणी एकदम स्वच्छ ठेवतो, पण दर तीन-चार दिवसांनी धुतला नाही तर त्यात अडकलेला कचरा तिथंच कुजतो आणि नायट्रेट वाढवतो, शिवाय खालचे कोपेपॉड वरच्या माशांना मिळावेत ही माझी इच्छा असताना वरून उतरणारे बारीक जीव तो अडवून ठेवतो. काही लोक सॉकशिवाय टँक चालवतात आणि तळाचा गाळ अधूनमधून नळीनं ओढून घेतात. सध्या काढून ठेवलाय. पहिल्या कप्प्यात गाळ दिसायला लागलाय, नायट्रेट अजून हललेलं नाही, महिनाभर असंच ठेवून मग बघतो.